‘मॅडम, एक शेवटचं विचारू?’ : नाशिकच्या एका तपासणी केंद्रातलं प्रकरण

पार्श्वभूमी

मी नाशिकमधल्या एका एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. माणूस ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत. तपासण्यांचा क्रम, दिवसांचा हिशेब आणि माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्यात.

त्याला प्रकाश म्हणू. वय 29, अंबड एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, राहायला सिडकोत. लग्नाला दोन वर्षं झालेली. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, येवल्याला. तिला आठवा महिना चालू असताना हा कंपनीतल्या तीन मित्रांबरोबर दोन दिवस बाहेरगावी गेला. दारू झाली आणि पैसे देऊन एका बाईशी संबंध आला. कंडोम होता. पण “फाटला की निसटला तेच आठवत नाही” हे वाक्य पुढच्या तीन महिन्यांत मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही.

परत आल्यावर, प्रसंगानंतर साधारण 34 तासांनी, तो घराजवळच्या एका डॉक्टरांकडे गेला. सगळं खरं सांगितलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं आणि म्हणाले, “तीन महिन्यांनी टेस्ट कर, आत्ता काही करता येत नाही.”

करता येत होतं. पेप म्हणतात तो एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीचा 28 दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स प्रसंगानंतर 72 तासांच्या आत सुरू करायचा असतो, जितका लवकर तितका चांगला. धोका किती होता ते पाहून तो द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात. पण ठरवण्यासाठी माणूस त्या डॉक्टरांपर्यंत पोचायला तर हवा. प्रकाशला हे कळलं ते पाचव्या दिवशी, 1097 या मोफत हेल्पलाइनवर. सहाव्या दिवशी तो आमच्याकडे आला.

पहिली भेट : दिवस 6

हेल्मेट मांडीवर घेऊन तो खुर्चीच्या कडेला बसला. बाजूला ठेवा म्हटलं तरी ठेवलं नाही. शर्टाच्या खिशात कालनिर्णयची दोन-तीन पानं घडी करून ठेवलेली, त्यावर लाल पेनाने गोल केलेल्या तारखा.

सहाव्या दिवशी तपासणी करायची का, हा पहिला प्रश्न. शरीराला प्रतिपिंडं तयार करायला वेळ लागतो आणि आमची रॅपिड किट प्रतिपिंडंच शोधते. म्हणून आम्ही पक्कं उत्तर तीन महिन्यांनी देतो. मोठ्या लॅबमधली फोर्थ जनरेशन टेस्ट विषाणूचं पी-24 प्रथिनही पकडते, म्हणून तिथे 45 दिवस पुरतात. सहाव्या दिवशीचा रिपोर्ट त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. तरीही मी ही तपासणी करते. आधीपासून काही होतं का ते कळतं, आणि माणूस केंद्राशी बांधला जातो. रिपोर्ट नॉनरिॲक्टिव्ह आला. रिॲक्टिव्ह आला असता तरी लगेच ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं नसतं. त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या किट लावूनच आम्ही शिक्का मारतो.

“बायकोची गरोदरपणात टेस्ट झालीय, निगेटिव्ह आहे. मग माझीपण निगेटिव्हच ना?” त्याने विचारलं. नाही. तिचा रिपोर्ट तिच्यापुरता, आणि तोही या सहलीच्या आधीचा.

मग मी धोका आकड्यांत सांगितला. समोरची व्यक्ती बाधित आहे, उपचार घेत नाही, कंडोम अजिबात नव्हता, असं सगळं धरून चाललं तरी पुरुषाला योनीसंबंधातून एका वेळी लागण होण्याची शक्यता 10,000 मध्ये साधारण 4. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास, काही गटांत त्याहून बरंच जास्त. त्याने ऐकला फक्त चारचा आकडा. “मी त्या चारांतला असलो तर?” आकड्यांनी भीती जात नाही हे मला ठाऊक आहे, तरी सांगते. न सांगणं त्याहून वाईट.

उठताना मी त्याच्या हातात सुरक्षा क्लिनिकची चिठ्ठी दिली. गुप्तरोगांची तपासणी आणि व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची रक्तचाचणी, यासाठी. तो तिकडे गेला नाही. त्याच मजल्यावर कंपनीतला एक जण खरजेच्या औषधासाठी रांगेत उभा दिसला म्हणून मागे फिरला. हे मला अडीच महिन्यांनी कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं.

अडचण

पुढच्या सहा आठवड्यांत प्रकाशने सात तपासण्या केल्या. आमची धरून. बाकीच्या सातपूर, नाशिक रोड, पंचवटी अशा ठिकठिकाणच्या खासगी लॅबमध्ये, दर वेळी वेगळ्या नावाने. सगळ्या निगेटिव्ह. पण प्रत्येक रिपोर्टमधून नवी भीती निघायची.

28 व्या दिवशीचा रिपोर्ट मला आठवतो. त्यावर आकडा होता 0.42, आणि शेजारी ‘1 पेक्षा कमी : नॉनरिॲक्टिव्ह’. आधीच्या लॅबचा आकडा 0.18 होता. “मॅडम, वाढतंय ना?” दोन वेगळ्या मशीन, दोन वेगळ्या दिवसांची रक्तं. एकच्या खाली 0.18 काय आणि 0.42 काय, अर्थ एकच. हे मी त्याला फोनवर तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा त्याने रिपोर्टवर पेनाने उभा-आडवा ग्राफ काढून पाठवला.

बाकी प्रश्न सगळे विचारतात तेच. डास चावला तर? नाही, डासाच्या पोटात हा विषाणू टिकत नाही. न्हाव्याचा वस्तरा? ब्लेड नवं असेल तर विषयच नाही. कंपनीच्या कँटीनमधला ग्लास, घाम, शिंक, संडासाची सीट? नाही. रक्त, वीर्य आणि वीर्याआधीचा स्राव, योनीस्राव, गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध, या पाच वाटा सोडून सहावी नाही. रात्री घाम येतोय, मानेत गाठ लागतेय, वजन दीड किलो उतरलंय. (जेवत नव्हता, उतरणारच.) प्रत्येक फोनच्या शेवटी एकच वाक्य : “मॅडम, एक शेवटचं विचारू?”

40 व्या दिवशी म्हणाला, मंडळाच्या रक्तदान शिबिरात रक्त देऊ का, तिथे फुकट तपासतात. मी खुर्चीतून उठलेच. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासते हे खरं, पण लागण ताजी असेल तर तपासणीतून सुटू शकते आणि ते रक्त कुणाच्या तरी अंगात जातं. बाधित रक्ताच्या बाटलीतून लागण जवळपास ठरलेली. तपासणीसाठी रक्तदान कधीच करायचं नसतं. त्याला म्हटलं, तीन महिने थांबा, मग बघू.

त्याआधी मुलगी झाली होती. येवल्याला बारसं झालं. पाळण्याजवळ सगळ्यांनी “घे की रे तिला” म्हटलं तर “सर्दी झालीय” म्हणून हा मागे सरकला.

समोरचे पर्याय

45 व्या दिवशीची फोर्थ जनरेशन टेस्टही निगेटिव्ह आली आणि तरी त्याचा विश्वास बसला नाही. तेव्हा मी थांबून विचार केला. मी देत असलेली उत्तरं बरोबर होती, पण प्रत्येक उत्तर त्याला दोन तास पुरायचं आणि मग त्याची तलफ पुन्हा यायची. दारुड्याला क्वार्टर द्यावी तशी मी उत्तरं देत होते.

फोन घेत राहणं हा एक मार्ग. त्यात माझा दिवस जात होता आणि त्याची भीती पोसली जात होती. दुसरा, सरळ मनोविकार विभागात पाठवणं. मी सुचवलं, “म्हणजे मी येडा झालो का?” म्हणून तो उखडला. 14416 या टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर घेतला, पण फोन केल्याचं काही सांगितलं नाही. फोन घेणंच बंद करणं हा तिसरा. तो माझ्याच्याने झाला नसता, आणि अशी माणसं मग एखाद्या भोंदू वैद्याच्या हाती लागतात.

मी चौथा निवडला : मर्यादा घालायची. त्याच्यासमोर कार्डावर लिहिलं. आता एकच तपासणी उरली, दिवस 91, आमच्याकडे. मधे एकही नाही. फोन आठवड्यातून एकदा, गुरुवारी चार वाजता, पाच मिनिटं. लक्षणांवर चर्चा नाही, फोटो पाठवायचे नाहीत. त्या तपासणीचा निकाल काहीही असो, तो आपण दोघं मानायचा. त्याने खाली सही केली.

नियम लागू पडला. पुढच्या सहा आठवड्यांत तो एकदाच घसरला, सिन्नरला जाऊन एक तपासणी करून आला. रात्रपाळीला परत जायला लागला. आमच्या बैठकीत मी ही पद्धत सहकाऱ्यांना कौतुकाने सांगितली. तेव्हा त्या नियमातली ‘लक्षणांवर चर्चा नाही’ ही ओळ मला सगळ्यात शहाणपणाची वाटत होती.

बायको येते

62 व्या दिवशी, सव्वा महिना उलटल्यावर, बायको बाळाला घेऊन सिडकोत परतली. तिचं बाळंतपण ताजं, त्यामुळे वेगळं झोपण्याला कारण शोधावं लागलं नाही. पण प्रकाश मुलीला उचलत नव्हता. स्वतःचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला, ताट-वाटी वेगळी.

त्या गुरुवारी मी म्हटलं, “मुलीला घ्या. पापा घ्या. एचआयव्ही थुंकीतून जात नाही, तुमच्याकडे असता तरी गेला नसता.” त्याने घेतलं. फोनवर आवाज घोगरा झाला होता. ते पाच मिनिटांचं बंधन मी त्या दिवशी पाळलं नाही.

70 व्या दिवशी केंद्रात एक बाई आली. कडेवर बाळ, हातात आमचं कार्ड. “ताई, हे यांच्या शर्टात सापडलं. हे इथलंच ना? काय झालंय यांना?”

कार्डावर केंद्राचं नाव नव्हतं, फक्त नंबर, ते नियम आणि ‘दिवस 91’. माझ्या अक्षरात. मला ओळख दाखवता येत नव्हती. एचआयव्हीविषयीचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. जोडीदाराला सांगण्याची मुभा त्यात आहे, पण ती डॉक्टर किंवा समुपदेशकाला ठरावीक अटींवर, आणि मुळात बाधित व्यक्तीच्या बाबतीत. प्रकाश बाधित नव्हता. तो आमच्याकडे आला होता की नाही, एवढंसुद्धा सांगणं माझ्या हातात नव्हतं.

मी तिला म्हटलं, “इथे कोण येतं, कोण नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही. तुम्ही आलात हेही सांगणार नाही. तुम्हाला स्वतःची तपासणी करायची असेल तर आत्ता होईल, मोफत.” तिने तपासणी करून घेतली. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही. सिफिलिसचं मी केवळ सवयीने लिहिलं; गरोदर बायकांचं आम्ही दोन्ही तपासतो, हात तसा चालला. दोन्ही नॉनरिॲक्टिव्ह. जाताना म्हणाली, “म्हणजे काहीतरी आहे. नसतं तर तुम्ही सरळ नाही म्हणाला असता.”

तिचं आलेलं प्रकाशला सांगायचं का? तिलाही मी शब्द दिला होता. नाही सांगितलं. गुरुवारी फक्त एवढं म्हटलं, “घरी बोलायचं असेल तर इथे, माझ्यासमोर बोलता येईल.” तो म्हणाला, 91 नंतर.

नव्वदीच्या आधी आणि नंतर

78 व्या दिवशी मोबाइलवर फोटो आला. तळहात. मी उघडला नाही. ‘फोटो नको ठरलंय ना, गुरुवारी बोलू,’ असं लिहून पाठवलं. गुरुवारी तो म्हणाला, तळहातावर आणि पायाला डाग आलेत, खाजत नाहीत, तोंडातही आतून पांढरट चट्टे आहेत. मी म्हटलं, “लक्षणांवर बोलायचं नाही असं ठरलंय. 91 ला भेटू.” तो चक्क “सॉरी मॅडम” म्हणाला.

91 व्या दिवशी आमच्या एलटींनी (लॅब टेक्निशियननी) रक्त घ्यायला त्याचा हात सरळ केला. त्यांना सगळे काका म्हणतात, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. सुई लावायच्या आधी त्यांनी त्याची मूठ उघडली, दुसरा हातही उलटा करून बघितला. तांबूस-तपकिरी, वाटाण्याएवढे, सपाट डाग.

“कधीपासून?”

“दोन आठवडे झाले. मॅडमना सांगितलंय.”

काका माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. व्हीडीआरएलसाठी रक्ताचा आणखी एक बल्ब (नळी) भरला.

एचआयव्ही : नॉनरिॲक्टिव्ह. सिफिलिस : रिॲक्टिव्ह, टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) 1:32, खात्रीची टीपीएचएही पॉझिटिव्ह. तळहात-तळपायांवरचे न खाजणारे डाग आणि तोंडातले चट्टे म्हणजे सिफिलिसची दुसरी अवस्था. पुस्तकात पहिल्या पानावर असतं.

प्रकाशने विचारलं, “म्हणजे एचआयव्ही नाही ना?” नाही म्हटल्यावर तो हसायलाच लागला, मग बराच वेळ हेल्मेटवर डोकं टेकून बसला. आपल्याला दुसरा आजार आहे हे त्याच्या कानापर्यंत पोचायला अर्धा तास गेला.

त्याच दुपारी डॉक्टरांनी, आधी ॲलर्जीची चाचणी करून, बेंझाथिन पेनिसिलिनचा 24 लाख युनिटचा डोस दिला, 12-12 लाख दोन्ही कुल्ल्यांत. रात्री थंडी-ताप येईल, घाबरू नका, हे या वेळी मी आधीच सांगून ठेवलं. औषधाने जंतू एकदम मरतात तेव्हा पहिल्या दिवशी असा ताप येतो. ताप आला. फोन आला नाही.

परिणाम

दोन भेटींनंतर त्याने बायकोला सांगितलं, केंद्रातल्या मागच्या खोलीत. मी समोर होते पण बोलले नाही. तिने एकच विचारलं, “मग मुलीला घेत नव्हतास ते याच्यासाठी?” नंतर ती मुलीला घेऊन येवल्याला गेली, दोन महिने.

तिची सिफिलिसची तपासणी पुन्हा केली, नॉनरिॲक्टिव्ह. सहलीनंतर दोघांचा संबंधच आला नव्हता. एचआयव्हीच्या भीतीने तो लांब राहिला आणि त्यामुळे ती सिफिलिसपासून वाचली. मुलीला बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, ठीक आहे.

त्या तपासणीचा निरोप येईपर्यंतचे चार दिवस मी नीट झोपले नाही. ‘मुलीचा पापा घ्या’ मी सांगितलं होतं. एचआयव्हीपुरतं ते शंभर टक्के बरोबर. पण सिफिलिसचे तोंडातले चट्टे संसर्गजन्य असतात.

काय वेगळं करता आलं असतं

पेपचं सुरुवातीलाच लिहिलंय. त्या डॉक्टरांवर सगळा राग काढून मोकळं होणं सोपं आहे. पण परिसरातल्या खासगी डॉक्टरांना 72 तासांची गोष्ट माहीत नाही हे आम्हाला कितीतरी वर्षं ठाऊक आहे. आता आम्ही दवाखान्यांत एक ओळीचं पत्रक देतो : 72 तास, इथे पाठवा.

बाकीचं माझं. प्रकरण लिहायला बसले तेव्हा माझं जुनं रजिस्टर काढलं. दिवस 26, फोनवरच्या प्रश्नांची नोंद. डास, ग्लास, घाम, आणि त्यांच्यामधे माझ्याच अक्षरात : “खाली जरा सोललंय, दुखत नाही.” पुढे मी लिहिलंय, “घर्षण. धीर दिला.” न दुखणारी, आपोआप भरणारी जखम ही सिफिलिसची पहिली खूण. त्याने मेडिकलमधून मलम आणून लावलं, तीन आठवड्यांत गेलं. माझ्यासारख्या बाईला तो ‘खाली’ यापलीकडे काही सांगू शकत नव्हता, आणि मीही खोदून विचारलं नाही. पुरुष सहकारी केंद्रात आहेत, त्यांच्याकडे एकदा पाठवता आलं असतं.

त्यातच हेही आहे की संबंधाच्या वेळी दोघांपैकी कुणालाही अशी जखम असेल तर एचआयव्ही शिरायला वाट सोपी होते. म्हणजे ज्याला मी ‘उगाच घाबरलेला’ म्हणत होते त्याचा धोका मी सांगितलेल्या आकड्यापेक्षा वेगळा असू शकत होता.

मर्यादा घालायचा निर्णय मला आजही चूक वाटत नाही. त्यामुळेच त्याच्या तपासण्या थांबल्या. पण ‘लक्षणांवर चर्चा नाही’ हा नियम समुपदेशकाने एकटीने करायचा नसतो. आता आमच्या कार्डावर तिसरी ओळ असते : ‘अंगावर काहीही दिसलं तर फोन नको, थेट डॉक्टरांना दाखवा’, आणि त्यासाठी वार ठरलेला असतो. सुरक्षा क्लिनिकची चिठ्ठी हातात देऊन सोडत नाही. मी किंवा काका सोबत जातो. आणि सहाव्या दिवशीच्या पहिल्या रक्तातच व्हीडीआरएलचा बल्ब भरतो, सहा आठवड्यांनी परत आणि तीन महिन्यांनी परत, कारण तीही सुरुवातीला खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

बायकोच्या बाबतीत मी कायद्याने बरोबर वागले. ती मात्र घरी गेली ती अर्धं कळून, आणि तसं तीन आठवडे राहिली. याच्यावर मला उत्तर सापडलेलं नाही.

सहा महिन्यांनंतर

टायटर 1:4 वर उतरलं होतं. चांगलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. टीपीएचए मात्र आयुष्यभर पॉझिटिव्ह राहू शकते, त्याचा अर्थ आजार आहे असा नाही. हे मी कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, नाहीतर पुढच्या एखाद्या लॅबने त्याची झोप उडवली असती.

“मॅडम, एक शेवटचं विचारू? मंडळाचं शिबिर आहे परत. आता रक्त देऊ शकतो ना? तुम्ही म्हणाला होतात तीन महिने थांबा.”

“नाही,” मी म्हटलं. “आता कधीच नाही.” सिफिलिस होऊन गेलेल्याचं रक्त रक्तपेढी घेत नाही, उपचार पूर्ण झाले असले तरी.

तो थोडा वेळ बसून राहिला. मग उठला. बाहेर बाकावर बायको बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने मुलीला घेतलं आणि हेल्मेट तिच्या हातात दिलं.